लेडीज शोचं शेवटचं रीळ

टॉकीजमध्ये मला झोप लागते. लहानपणापासूनची खोड आहे. बाहेर टळटळीत ऊन असावं, आत शिरताच काळोख, लाकडी बाकाचा गारवा, पंख्याची घरघर आणि डोक्यावरून पडद्याकडे जाणारा तो धुळीनं भरलेला उजेडाचा पट्टा. पाच-दहा मिनिटांत माझे डोळे जड व्हायचे. मग पडद्यावरचा घोडा माझ्या स्वप्नात यायचा आणि स्वप्नातली आमची गाय पडद्यावर जायची. घरी येऊन मी ष्टोरी सांगायला लागले की सगळे हसायचे, कारण माझ्या ष्टोरीत हिरोइनला आमच्या मावशीचं नाक असायचं आणि पोलीस कापूस वेचायला यायचे. आई म्हणायची, "इले पिक्चर दाखवनं म्हंजे गाढवापुढे वाचली गीता." पण न्यायची मात्र दर वेळी. एकट्या बाईनं टॉकीजला जायची रीत नव्हती, आणि झोपलेली का होईना, मी सोबत होते.

म्हणून पिक्चरच्या बाबतीत माझ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण आज ज्या पिक्चरची गोष्ट सांगायची आहे तो मी एकटीनं पाहिला नव्हता. टॉकीज भरून बायका जाग्या होत्या, आणि त्यांनी पाहिलं तेच मी सांगते आहे.

नाव सांगत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला दर महिन्याला तसलं एक नाव यायचं, अर्धं रक्ताचं, अर्धं शपथेचं. पोस्टरवर एक माणूस डोळे वटारून उभा, मागे आग आणि कोपऱ्यात रडणारी म्हातारी. बापाच्या अपमानाचा मुलानं घेतलेला बदला, बस. पण तो पिक्चर पुलगावला लागला आणि आमच्या नाचणगावात जो तो आमच्या घराकडे बोट दाखवून म्हणू लागला, "हा तं याइच्याच घरचा पिक्चर हाये."

त्यात खोटं काही नव्हतं. त्यासाठी आधी आमच्या घरच्या पोळ्याचं सांगावं लागेल.

पोळ्याच्या दिवशी गावात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून सजवलेल्या बैलजोड्या जातात आणि सगळ्यांत पुढे जाते ती मानाची जोडी. हा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचा. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, एकत्र होते तोवर काही प्रश्न नव्हता. मोठे बाबा बैलांच्या पुढे चालायचे आणि लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर असायचे. तोरणाची पानं माझ्या कपाळाला लागायची. आजही आंब्याच्या पानाचा वास आला की मला उंचावर बसल्यासारखं वाटतं.

मग वाटणी झाली. भांडण न होता झाली, गावात दाखला देण्यासारखी. फक्त एक झालं. मानाची ती पांढरी जोडी बाबांच्या वाट्याला आली. आणि पुढच्याच पोळ्याला तोरणापुढे दोन जोड्या येऊन उभ्या राहिल्या, मोठ्या बाबांची नवी आणि बाबांची जुनी. मान थोरल्या भावाचा, का मानाच्या जोडीचा? मला कोणी आजही विचारलं तर सांगता येणार नाही. त्या दिवशीही कोणाला सांगता आलं नाही. शब्दाला शब्द लागला, बैल बुजले, मोठ्या बाबांचा हात वर गेला. कोणी म्हणतात ते बैलाची वेसण धरायला गेले, कोणी म्हणतात मारायला. बाबांची टोपी उडाली आणि अख्ख्या गावासमोर बैलाच्या खुराखाली चिखलात गेली.

बाबांनी ती उचलली, न झटकता खिशात घातली आणि जोडी परत घरी वळवली. पुढे पंचांनी मान तिसऱ्याच घराला दिला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. टोपी आईनं धुवायला मागितली तर बाबा म्हणाले, "हात लावू नको." ती तशीच, चिखलासकट, पेटीत गेली. त्यानंतर बाबा बोडक्यानं फिरू लागले. बाजाराला बोडके, लग्नाला बोडके, मयतीला बोडके. आमच्याकडे त्या काळी बापे माणसं टोपीशिवाय उंबरठा ओलांडत नसत, त्यामुळे बाबा जिथे जात तिथे ती टोपी लोकांना आठवत असे. मला वाटतं, त्यांना तेच हवं होतं.

सहा वर्षं झाली. घरं समोरासमोर, मध्ये गाडीवाट. मोठी आई अंगणात सडा टाकायची तेव्हा आई घरात थांबायची, आणि आई टाकायची तेव्हा मोठी आई. दोघी जावांनी एका चुलीवर सोळा वर्षं स्वयंपाक केला होता, आणि आता नवऱ्यांचा अबोला त्याही पाळत होत्या, उपास पाळावा तसा.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. स्थळ आर्वीकडचं. लग्नाआधी नातलग नवरीला घरी बोलावून जेवू घालतात, साडीचोळी करतात, त्याला आमच्याकडे गडगनेर म्हणतात. पहिलं गडगनेर सख्ख्या थोरल्या काकाच्या घरचं. ते झालं नाही आणि मावशीकडून, मामाकडून बोलावणी यायला लागली. मी जेवून यायचे, पण घशाखाली उतरायचं नाही. मला मोठ्या आईच्या हातचं जेवून आणि मोठ्या बाबांच्या पाया पडून सासरी जायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि एवढंच कोणाजवळ बोलता येत नव्हतं. बाबांनी लग्न ठरलं त्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "त्याइच्या घरी अक्षत जानार नाई."

त्यात हा पिक्चर आला, आणि तो माझ्या दादानं पाहिला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, शेतात बैलासारखा राबणारा, मनानं तितकाच साधा. संध्याकाळच्या खेळाला गेला, दुसऱ्या दिवशी परत गेला, तिसऱ्या दिवशी परत. घरी आला की डोळे वटारून बसायचा. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. आई म्हणाली, "थंडी वाजन." तो म्हणाला, "ज्याच्या बापाची इज्जत गेली त्याले थंडी वाजत नाई." हे वाक्य त्याचं नव्हतं हे घरात सगळ्यांना कळलं.

मी हसले असते, पण एक दिवस दुपारी तो पेटी उघडून बसलेला दिसला. टोपीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होता. मला पाहून म्हणाला, "तुह्या लग्नात तो बुढा मांडवात आला, तं त्याची टोपी चार लोकात पायाखाली तुडवतो. मंग जे होईन ते होईन."

"मोठे बाबा आहेत ते," मी म्हणाले.

"म्हनूनच," तो म्हणाला.

मला त्या रात्रीच नव्हे, त्यानंतर कितीतरी दिवस भरदिवसा भीती वाटत राहिली. लग्न माझं आणि मांडवात हाणामारी यांची.

आणि मग गुरुवार आला. गुरुवारी दुपारी टॉकीजमध्ये लेडीज शो असायचा. दारावरचा डोअरकीपर आणि वर खोलीतला ऑपरेटर सोडले तर आत पुरुष नाही. माघ महिना होता. नाचणगाव-पुलगाव रस्त्याच्या बाभळींना कापूस लागला होता, म्हणजे जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून काट्यांना अडकून राहिलेला. वारा आला की पुंजके सुटायचे आणि आम्हा बायकांच्या डोक्यावर येऊन बसायचे. तरण्याताठ्या बायका दुरून म्हाताऱ्या दिसायच्या. मिलचा भोंगा झाला, रस्ता उन्हात हलायला लागला, आणि मला टॉकीजला पोचायच्या आधीच अर्धी झोप आली होती.

आई का आली होती ते मला ठाऊक होतं. पोराच्या डोक्यात नेमकं काय शिरलं आहे ते तिला बघायचं होतं.

न्यूजरील संपली तशी दार उघडून कोणीतरी आत आलं. जागा फक्त आमच्या बाकावर, माझ्या उजव्या हाताला. बाई बसली आणि पदर सावरला, तेव्हा अंधारातही मी वासावरून ओळखलं. मोठ्या आईच्या लुगड्यांना कापराचा वास असायचा. डावीकडे आई, उजवीकडे मोठी आई आणि मध्ये मी. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मला झोप येणार नाही, आणि पडद्यावर पहिलं गाणं लागेपर्यंत मी झोपले होते.

मध्ये मध्ये जाग यायची. भरल्या पंचायतीत जमीनदार एका गरीब माणसाची पगडी पायानं उडवतो. गरीब माणूस त्या दुःखात मरतो. त्याची बायको पगडी छातीशी धरते. मी डोळे मिटायचे आणि पगडीवर पांढरे बैल चालत यायचे. पुन्हा उघडले तर मुलगा मोठा झालेला, ओळख लपवून त्याच जमीनदाराकडे गाडीवान म्हणून राहिलेला. शपथ घेतलेली की या घरातलं मीठही जिभेवर ठेवणार नाही.

मग नीट जाग आली ती गोळीच्या आवाजानं. माझं डोकं मोठ्या आईच्या खांद्यावर होतं. किती वेळ होतं कोण जाणे. तिनं खांदा हलवला नव्हता, आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, लहानपणी असायचा तसा. मी जागी झाल्याचं कळू दिलं नाही. पडद्यावर हिरोनं देवळाच्या पायऱ्यांवर जमीनदाराला मारलं, पगडी त्याच्या प्रेताजवळ ठेवली, पोलिसांनी हिरोला नेलं, म्हातारी रडली, आणि 'समाप्त' आलं. मोठ्या आईचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट झाला होता. आई पुतळ्यासारखी बसली होती. बायका उठल्या, चपला शोधू लागल्या.

तेवढ्यात डोअरकीपर ओरडला, "बसा बाया हो, बसा. अजून हाये."

काय झालं होतं ते मला पुष्कळ पुढे कळलं. पिक्चरची एकच पेटी पुलगाव आणि धामणगाव अशा दोन टॉकीजमध्ये चालायची. तिकडची रिळं संपली की एक माणूस ती इकडे आणायचा. त्या दिवशी त्यानं शेवटचा डबा आणला आणि त्याच्या आधीचा स्टेशनवरच विसरला. तो आणायला सायकलनं परत गेला. ऑपरेटरकडे लावायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं शेवटचं रीळ लावून टाकलं. मग विसरलेला डबा आला. दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. पण हा इमानदार माणूस. बायकांनी पूर्ण पिक्चर पाहायला नको का, म्हणून त्यानं मधलं रीळ शेवटी लावलं.

पुन्हा अंधार झाला. आणि पडद्यावर मेलेला जमीनदार जिवंत, आपल्या ओसरीवर बसलेला. हिरोही तिथेच, ना बेड्या ना पोलीस. जमीनदाराची बायको त्याला पानावर बसवते. तो कोण हे तिला ठाऊक नाही. ती त्याला बेटा म्हणते, स्वतः वाढते. त्याचा हात ताटावर थांबतो. ती विचारते, काय कमी आहे? त्याचे डोळे भरतात. आणि मग तो घास घेतो. एक, मग दुसरा, पोटभर जेवतो. जमीनदार त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तिथे रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

टॉकीजमध्ये कोणी हललं नाही. नाकं ओढल्याचे आवाज तेवढे येत होते. माझंही तोंड ओलं झालं होतं. इतका सुंदर शेवट मी कधी पाहिला नव्हता, आणि इतकी जागी मी टॉकीजमध्ये कधी नव्हते.

बाहेर उन्हात आल्यावर बायका डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. आई आणि मोठी आई एकमेकींपासून दोन हातांवर. मोठी आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "ते मारलं ते सपन होतं, नाई वं?"

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. आईला क्षणभर कळेना की हे आपल्याला विचारलं. मग ती म्हणाली, "हो बाई. सपनच. त्याच्या मनात होतं तसं कराचं. मंग जेवला."

"ज्याचं मीठ खाल्लं त्याले कोनी मारन कसा?"

"तेच तं."

मग दोघी चालू लागल्या. बोलल्या नाहीत, पण बरोबर चालल्या, मी मागे. बाभळीचा कापूस दोघींच्या डोक्यावर पडत होता आणि दोघी तो झटकत नव्हत्या. गाव दिसायला लागलं तशी मोठी आई पुढे झाली. वळणावर थांबून, मागे न बघता म्हणाली, "पोरीले बुधवारी गडगनेराले पाठवजो. दुपारी."

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. बाबा टॉकीजला कधी जात नसत. आई पिक्चर पाहून आली की जेवताना त्यांना सगळी ष्टोरी सांगायची आणि ते मान खाली घालून ऐकायचे. तशी तिनं ही सांगितली. पगडीपाशी तिचा आवाज बारीक झाला आणि बाबांचा घास हातात राहिला. मग तिनं खून सांगितला, मग स्वप्न असल्याचं सांगितलं, मग जेवण सांगितलं, जमीनदाराच्या बायकोनं काय काय वाढलं, जे पडद्यावर नव्हतंच, तेही सांगितलं.

बाबांनी विचारलं, "जेवला काय तो?"

"पोटभर."

दादा दारात उभा होता. तो उसळला. "काईच्या काई सांगून राह्यली तू. आधी जेवते, मंग मारते. मी तीनदा पाह्यला. जेवून उठते, पगडी काढते अन्‌ मारते त्याले."

आईनं भाकरी उलटली. "मीठ खाऊन मारते? असा पिक्चर कोनी काढन काय? तुमचाच उलटा लागला असन."

"तिन्ही दिवस उलटा?"

"बापे मानसं पाहून राह्यले म्हनल्यावर तिन्ही दिवस."

बाबा हसले की ठसका लागला ते कळलं नाही. पाणी पिऊन म्हणाले, "पोरगी जात असन गडगनेराले, तं जाऊ दे. मी काई म्हनत नाई." आणि उठले. मी स्वयंपाकघराच्या अंधारात जाऊन रडून घेतलं.

पण एक रीत होती. आमच्या घरात नवरी गडगनेराला एकटी जात नाही. भाऊ सोबत जातो, तिच्या शेजारी पाटावर बसतो आणि तिच्याबरोबर जेवतो. भाऊ मला एकच. तो बुधवारी सकाळी काही न बोलता आंघोळ करून तयार झाला, आणि मला त्याच्या तयार होण्याचीच धास्ती वाटली. घरातून निघताना मी पाहिलं, त्याचा खिसा फुगलेला होता. पेटीचं झाकण अर्धवट उघडं होतं.

गाडीवाट ओलांडायला दहा पावलं लागतात. त्या दहा पावलांत मला कळलं की आम्ही दोघं वेगवेगळ्या पिक्चरमध्ये चाललो आहोत. माझा जेवणावर संपणारा. त्याचा जेवणानंतर सुरू होणारा.

मोठ्या आईनं वडा-भात केला होता, कढी, कोथिंबिरीच्या सांबारवड्या, पुरणपोळी. पाट मांडले होते, भोवती रांगोळी. मोठे बाबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते, आणि केवढे म्हातारे झाले होते. समोर राहत असून मला ते दिसलं नव्हतं. मी पाया पडले. दादा पडला नाही, सरळ पाटावर जाऊन बसला.

मोठी आई वाढू लागली. दादाचा हात ताटावर थांबला. मी मोठ्या आईकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. आम्ही दोघींनी हे पाहिलेलं होतं. तिच्या हातात कढीची वाटी होती. तिनं विचारलं, "काय कमी हाये, बापा?"

दादानं मान वर केली नाही. मग त्यानं भात कालवला आणि जेवू लागला. त्याला इतकं सावकाश जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुरणपोळी घेतली, वडे पुन्हा घेतले. बायकांच्या पिक्चरमध्ये इथे पडदा पांढरा होतो. इथे झाला नाही.

दादा उठला, हात धुतले, पुसले. खिशात हात घातला आणि ती टोपी काढून मोठ्या बाबांपुढे जमिनीवर ठेवली. चिखल वाळून तिचा पापड झाला होता. खुराचा ठसा अजून होता.

बाहेर कोणाच्या तरी गाडीची चाकं वाजत गेली. मोठे बाबा टोपीकडे बघत राहिले. मग खांबाला धरून उठले, टोपी उचलली आणि म्हणाले, "साबन आन वं."

मोठी आई जागची हलली नाही. ते पुन्हा म्हणाले, "साबन आन म्हनलं ना." आणि अंगणात गेले. आतल्या नव्हे, पुढच्या. जिथे धुण्याचा दगड गाडीवाटेला लागून होता आणि जाणारा-येणारा बघत होता. तिथे उकिडवे बसून थोरल्या भावानं धाकट्या भावाची टोपी धुतली. गावाचा पाटील कोण, पंच कोण, सगळ्यांच्या घरची माणसं त्या वाटेनं गेली. कोणी थांबलं, कोणी थांबल्यासारखं न दाखवता थांबलं. मोठ्या बाबांनी वर पाहिलं नाही. चिखल निघेना तसे दोन्ही हातांनी चोळत राहिले. आमच्या ओट्यावर बाबा उभे होते, बोडके, आणि दहा पावलांवरून बघत होते.

दादा माझ्याशेजारी उभा होता. त्याची बटणं लावलेली होती. हे त्याच्याही रिळात नव्हतं आणि माझ्याही. मग तो पुढे गेला, बादली उचलली आणि मोठ्या बाबांच्या हातांवर पाणी घालू लागला.

टोपी तारेवर वाळत घातली. ऊन उतरायच्या आत दादा ती घरी घेऊन आला. बाबांनी ती उलटीपालटी केली. "डाग राह्यला," ते म्हणाले.

"राहू द्या," आई म्हणाली.

लग्नात बाबांच्या डोक्यावर तीच होती. कडेला मातकट कड अजून दिसत होती. मोठे बाबा पंगतीत फिरत होते. दोघं भाऊ फारसं बोलले नाहीत. एकदा मोठ्या बाबांनी विचारलं, "कढी पुरन का?" बाबा म्हणाले, "पुरन." पुढे मरेपर्यंत त्यांचं बोलणं साधारण एवढंच राहिलं, पण रोज राहिलं.

आठ-दहा वर्षं गेली. मोठे बाबा गेले, वर्षभरात बाबाही. एका उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. तेव्हा व्हिडिओ भाड्यानं आणायचं वेड होतं, आणि दादानं मुलांसाठी टीव्ही आणि कॅसेटी आणल्या. दुपारी सगळे खोलीत दारं लावून बसलो. दुसरी कॅसेट लागली आणि पंचायतीत पगडी उडाली, तसे आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठी आई खाटेवर बसली होती. तिला आता कमी दिसायचं. आई तिच्या पायाशी.

त्या दिवशी पिक्चर सरळ लागला. आधी जेवण आलं. मोठी आई पुढे सरकून बघत होती. हिरोनं घास घेतला तसा तिनं पदरानं डोळा पुसला आणि उठायला पाय खाली सोडले, पिक्चर संपला म्हणून. तेवढ्यात देवळाच्या पायऱ्या आल्या. बंदूक आली. ती थबकली. तिचा हात आईचा खांदा शोधू लागला.

"हे तं आधीच झालतं ना?" तिनं विचारलं. आवाजात भीती होती, खरीखुरी. "काऊन मारून राह्यला तो? जेवला ना?"

दादाला तर हे सगळ्यांत चांगलं माहीत होतं. त्यानं तीनदा पाहिला होता, त्यावरून आईशी वर्षानुवर्षं वाद घातला होता. तो उठला, टीव्हीपाशी गेला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग तो मोठ्या आईजवळ येऊन खाली बसला.

"ते सपन हाये, मोठी आई," तो म्हणाला. "जेवला तो. पोटभर जेवला."